सिमेंटखालचं पाणी

तनुजा : मोटर बंद कर, दादा. आधी मोटर बंद कर, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

अंगद : न्हाई करत. वावर माझं, मोटर माझी अन् लाइट आत्ता कुठं आलीया. जीपमधून उतरलीस तशी परत चढ अन् जा.

तनुजा : ह्या बोअरच्या तोंडावर आम्ही सिमेंट घातलं होतं. कुणी फोडलं?

अंगद : मी फोडलं. घणानं. हाताची सालटी निघाली, बघायची का? जा देगलूरला, दे ठाण्यात लिहून, की माझ्या आतेभावानं सोताच्याच वावरातलं पाणी चोरलं म्हणून.

केवळाबाई : काय बोंबलूलालाव रे दोघं? पार बांधापस्तर आवाज येऊलालाय. अगं तनू, कवा आलीस? नांदेडहून रातच्यालाच निघालीस का काय? चल, चहा —

तनुजा : चहा नको, आत्या. दादाला सांग मोटर बंद करायला. हा पाइप कुठं चाललाय?

केवळाबाई : मारुतीच्या टाकीत. अख्खं गाव पिऊलालंय की. सोमवारपासून टँकरच्या मागं घागर घेऊन कुणी पळालं न्हाई बघ. बाया अंगदला दुवा देऊलाल्यात.

तनुजा : सोमवारपासून? आत्या, सोमवारपासून सगळं गाव हेच पितंय?

अंगद : गाव पितंय, ढोरं पितेत. राजकन्या आंगणवाडीत लेकरांची खिचडी ह्याच पाण्यात शिजवती. तुझ्या कंपनीची परवानगी लागती का त्याला?

तनुजा : वहिनी? आंगणवाडीत? सरक दादा, मीच बंद करते.

अंगद : स्टार्टरला हात लावू नगंस. तनू, सांगून ठेवतो. मामाची पोरगी हायस म्हणून ऐकून घेतलं. हात लावलास तर न्हाई ऐकणार.

केवळाबाई : अंगद! बहीण हाय ती तुझी.

अंगद : माय, तू मधी पडू नगं. इसरलीस काय? संक्रांतीनंतर ह्यांची मशीन आली. रात न्हाई, दिवस न्हाई, घर्रर्र घर्रर्र. जमिनीच्या पोटातून दगडाच्या कांड्या काढायचे अन् पेटीत ओळीनं लावून ठेवायचे, जसं काय देवाचे टाक. अन् एक दिवस पाणी लागलं. पुरुषभर उंच उडलं! आसपासच्या कोणत्या बोअरला असलं पाणी लागलंय आजवर? बाया हळदीकुंकू घेऊन पळत आल्या. म्हाताऱ्यांनी डोळ्याला लावलं ते पाणी. अन् ह्यांनी काय केलं? तिसऱ्या दिवशी सिमेंट कालवलं अन् ओतलं. आमच्या डोळ्यांदेखत. हितं एका घागरीपायी भावकीत डोकी फुटतेत, अन् ह्यांनी वाहत्या पाण्याचं तोंड लिंपलं.

तनुजा : नियम आहे तो. तपासणीसाठी पाडलेलं बोअर उघडं ठेवता येत नाही.

अंगद : तुझ्या नियमाला तहान लागती का कवा?

तनुजा : ते पाणी पिण्यासारखं नाही, दादा.

अंगद : न्हाई? घे ओंजळ, चव बघ. नारळावानी गोड हाय. टँकरच्या पाण्यात अळ्या निघतेत, ते पिण्यासारखं हाय काय?

तनुजा : चवीला कळत नाही ते. वासालाही नाही. उकळूनसुद्धा जात नाही.

केवळाबाई : काय जात न्हाई?

अंगद : माय, भ्या दाखवूलाली ती. कंपनीला वावर पायजे. आधी पाणी वंगाळ म्हणायचं, मग जमीन वंगाळ म्हणायची, अन् शेवटी म्हणायचं, उठा हितून.

केवळाबाई : तू गप. तनू, मी इचारूलाले. काय जात न्हाई?

तनुजा : युरेनियम.

केवळाबाई : म्हंजी?

तनुजा : एक धातू असतो. खडकात असतो. त्याच्यापासून वीज करतात.

अंगद : अन् बाँब. सांग की पुढचं. शाळेत मी बी शिकलोय. बाँब करतेत त्याचा.

तनुजा : हो. आपल्याकडं वरचा काळा पाषाण संपला की खाली तांबडा खडक लागतो. त्याच्या फटींमधी आहे ते. किती आहे, किती खोल आहे, खाण काढली तर परवडेल का, एवढं बघायला आम्ही बोअर पाडतोय. इथनं कर्नाटकच्या हद्दीपर्यंत.

केवळाबाई : पर ती तर भूकंपाची मशीन होती ना?

तनुजा : नाही, आत्या.

केवळाबाई : भूकंप कामून होतो ते बघायला दगड काढूलालेत, असं म्हणली होतीस तू.

तनुजा : मी भूकंप म्हणले नव्हते. मी म्हणले, जमिनीच्या पोटातल्या खडकाचा अभ्यास आहे.

केवळाबाई : अन् मी म्हणले, भूकंपाचा का? तवा तू काय केलीस?

तनुजा : आत्या —

केवळाबाई : मान हलवलीस. माझ्या चुलीपशी बसून, माझी भाकर खात, मान हलवलीस. कावेरीअक्का किल्लारीकडं दिली होती, ठावं हाय तुला. तुझी थोरली आत्या ती. पहाटं भिताडाखाली गेली, तिच्या दोन्ही लेकरांसकट. गावात कुणीबी मशीनला वावर देऊलालं नव्हतं. मी दिलं. म्हणलं, अक्काची गत उद्या कुणाची होऊ नये, तर चार दगड काढू दे की. अंगद नगं म्हणत होता. मी त्याला गप केलं. अक्काचं नाव घेऊन गप केलं.

तनुजा : साहेबांनी सांगितलं होतं, लोक आपणहून काही समजले तर दुरुस्त करायचं नाही. युरेनियमचं नाव घेतलं की गाव बिथरतं, कामच होत नाही.

अंगद : साहेब म्हंजी तो विरूपाक्ष ना? जीपमधून खाली उतरत न्हाई तो?

तनुजा : तोच.

अंगद : अन् त्यानं सांगितलं म्हणून तू सख्ख्या आत्याला फसवलीस.

तनुजा : हो! फसवलं! काय करणार होते मी? एवढ्या माणसांच्या टीममधी मी एकटी बाई. मला वाटलं, खडकाचं काम मला चांगलं येतं म्हणून मला इकडं पाठवलं. मशीन लागल्यावर कळलं, की ह्या गावात माझी आत्या राहते म्हणून पाठवलं. राग काय तुलाच येतो का, दादा?

अंगद : तुझा राग तुझ्यापशी ठेव. तो पिऊन गावाची तहान भागत न्हाई.

केवळाबाई : हे पाणी पिलं की काय होतं?

तनुजा : चार-सहा दिवसांनी काही होत नाही. घाबरू नका, लेकरांना आज काही होणार नाही. पण वर्ष, दोन वर्षं, दहा वर्षं तेच पीत राहिलं तर मूत्रपिंडावर जातं.

केवळाबाई : कशावर?

तनुजा : किडनीवर.

अंगद : काय म्हणलीस?

तनुजा : दादा, मोटर बंद कर.

अंगद : किडनी म्हणलीस तू.

केवळाबाई : बंद कर रे ती मोटर. आवाजात काय ऐकू येईना झालंय मला. कर म्हणते ना!

अंगद : घे. झाली बंद. आता बोल.

केवळाबाई : तनू, तू दिवाळीच्या मागं बाटल्या घेऊन हिंडलीस गावभर. आडाचं पाणी भरलीस, शाळेच्या हापशाचं भरलीस. आपल्या परसातल्या बोअरचं बी भरलीस, मीच बादली दिली तुला. ते कामून?

तनुजा : काम सुरू व्हायच्या आधी गावातल्या पाण्याची तपासणी करून ठेवावी लागते.

केवळाबाई : मग केली का?

तनुजा : केली.

केवळाबाई : आड?

तनुजा : आडाचं चांगलं आहे. तो उथळ आहे, वरच्या काळ्या पाषाणातला.

केवळाबाई : आडात मार्गशीर्षानंतर थेंब राहत न्हाई. परसातल्या बोअरचं सांग.

तनुजा : आत्या, खाली बस जरा.

केवळाबाई : मी हुबी हाय ती बरी हाय. सांग.

तनुजा : परसातलं बोअर खोल आहे. तांबड्या खडकात गेलंय. त्यात पण आहे. पिण्याच्या पाण्यात चालतं त्याच्या कितीतरी पट.

अंगद : ते बोअर आबांनी पाडलं. माझ्या लग्नाच्या आधी. चौदा वर्षं झाली. ह्या होळीला आटलं, तवर आम्ही तेच पिलो.

तनुजा : माहीत आहे.

अंगद : आबाची किडनी गेली, ते बी माहीत हाय ना तुला? लातूरला आठवड्याला दोनदा डायलिसिसच्या मशीनवर घालत होतो, तू बी आली होतीस बघायला. शहराचं पाणी गळ्याखाली उतरत न्हाई म्हणायचे. घरच्या बोअरचं पायजे. मी हितून कॅन भरून उदगीरवरनं एसटीत घेऊन जायचो. मांडीवर धरून. सांडू नये म्हणून मांडीवर धरून, तनू!

तनुजा : आबांना शुगर पण होती, दादा. त्यांना नेमकं कशानं झालं ते मी सांगू शकत नाही. कुणीच नाही सांगू शकणार.

अंगद : कुणीच न्हाई! हे बरं हाय. आकडा कंपनीला ठावं, माणूस मेला आमचा, अन् मेला कशानं ते कुणीच सांगू शकत न्हाई!

केवळाबाई : कवापासून ठावं हाय तुला?

तनुजा : परसातल्या बोअरचं महाशिवरात्रीच्या आसपास कळलं. ह्या बोअरचं गेल्या आठवड्यात.

केवळाबाई : अन् होळीपस्तर आम्ही पीत होतो. महाशिवरात्रीच्या मागून तू दोनदा मुक्कामाला येऊन गेलीस.

तनुजा : हो.

केवळाबाई : अन् तुझी बाटली तू संगं घेऊन आली होतीस. मी म्हणले, शहरात राहून पोरगी नाजूक झाली.

तनुजा : मी साहेबांना सांगितलं होतं. नांदेडच्या मीटिंगमधी सगळ्यांसमोर सांगितलं, की खाणीचं राहू द्या, आधी गावाला हे पाणी पिऊ नका म्हणून कळवा. तर मला म्हणाले, एवढ्यात नाही. आकडा आपल्या कामाचा आहे.

अंगद : कामाचा? इषाचा आकडा कामाचा कसा असतो?

तनुजा : खाण काढायची तर आधी आराखडा करावा लागतो. खर्च किती, फायदा किती, उद्या कोर्टकचेरी झाली तर काय. समज खाण झाली, अन् पाच वर्षांनी गाव ओरडलं की आमचं पाणी खराब झालं. तेव्हा कंपनी हा आकडा बाहेर काढणार. बघा, आम्ही यायच्या आधीपासूनच खराब होतं. आज सांगितलं तर तुम्ही आज ओरडाल, सरकार पाण्याची सोय करेल, गाव चांगलं पाणी प्यायला लागेल, अन् मग ‘आधीपासून खराबच पीत होते’ म्हणायला तो आकडा कंपनीच्या उपयोगाचा राहणार नाही.

अंगद : म्हंजी आम्ही पीत ऱ्हायचं. त्यांचा आकडा खरा ठरावा म्हणून आम्ही पीत ऱ्हायचं.

तनुजा : असं कुणी तोंडानं म्हणालं नाही.

अंगद : तोंडानं कोण म्हणतंय! मशीन कुठं हाय आता? शिवमूर्तीच्या वावरात ना? माय, घण कुठं ठेवलास?

केवळाबाई : कुठं निघालास?

अंगद : मशीन फोडतो. त्या पेट्या नाल्यात ओततो. अन् तो विरूपाक्ष घावला तर ह्याच पाण्याची घागर त्याच्या नरड्यात —

केवळाबाई : खाली ठेव.

अंगद : माय, आबा गेले!

केवळाबाई : माझा नवरा गेला. मला सांगूलालास? खाली ठेव तो घण. मशीन फोडलास तर सांजच्याला पोलीस तुला नेतील, अन् सकाळी दुसरी मशीन येईल. तवर आंगणवाडीत लेकरं जेवायला बसतील. राजकन्येला फोन लाव. आधी तिला फोन लाव.

अंगद : लावतो. हॅलो, राजू? खिचडी झाली का? वाढू नगंस. मी सांगतो म्हणून वाढू नगंस! ओतून दे सगळी. कुत्र्याला बी नगं घालू, खड्ड्यात ओत. लेकरं रडूलालेत तर रडू दे. मागून सांगतो. अन् तू, तू सकाळपासून किती पिलीस? काय न्हाई. काय झालं न्हाई. ठेव.

तनुजा : मी येते संगं. टाकी रिकामी करायला पाहिजे. आणि लोकांना —

केवळाबाई : येतेस म्हंजी काय? तुलाच यायचं हाय. तुझ्या तोंडानं सांगायचं हाय. देवळाच्या भोंग्यावर, सगळ्यांना.

तनुजा : आत्या, मी लिहून देते सगळं. दादा वाचून दाखवेल. माझ्या नावानं बाहेर गेलं तर ते मला काढतीलच, केसपण करतील. सही घेतलीये त्यांनी, ह्यातलं काही बाहेर बोलणार नाही म्हणून.

केवळाबाई : अंगदनं सांगितलं तर लोक काय म्हणतील? की ह्याला मोटर परवडंना झाली, म्हणून पाणी वंगाळ म्हणूलाला. कुणी ऐकंल का? तुझ्यावर भरवसा ठिवून मी वावर दिलं. माझ्यावर भरवसा ठिवून मागून तिघांनी दिलं. आता ते भोंग्यावरच फेडावं लागंल.

तनुजा : अन् नंतर माझं काय?

केवळाबाई : नंतरचं मला इचारू नगंस. आज तुझ्या नंतरची काळजी माझ्याच्यानं होत न्हाई. चल.

(मारुतीचं देऊळ. टाकीचा व्हॉल्व्ह उघडलेला आहे, पाणी रस्त्यावरून वाहत चाललंय. पारापाशी बाया घागरी घेऊन जमल्या आहेत.)

अंगद : भोंगा लागला. लाल बटन दाबून बोल. लवकर कर, तिकडं बाया माझ्या अंगावर येऊलाल्यात. टाकी कामून सोडली म्हणून सरपंचाची बायको तर दगड घेऊन हुबी हाय.

केवळाबाई : मी सांगितलं तिला, धीर धर म्हणून. बोल, तनू.

तनुजा : गावकरी मंडळी... मी तनुजा. निलंग्याची. केवळाबाईची भाची. दगडाच्या मशीनवर काम करते ती. आत्या, माझा आवाज निघेना.

केवळाबाई : मशीन आणताना निघत होता की. बोल.

तनुजा : टाकीतलं पाणी कुणी पिऊ नका. घरात भरून ठेवलेलं पण ओतून द्या. ढोरांना पण घालू नका. अंगददादाचा ह्यात काही दोष नाही, त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. त्या पाण्यात युरेनियम आहे. वास येत नाही, चव लागत नाही. आमची मशीन भूकंपाची नाही. आम्ही युरेनियमच शोधायला आलोय. इथं खाण काढायची का, ते ठरवायला.

अंगद : बोअरचं सांग. घराघरातल्या बोअरचं.

तनुजा : ज्यांच्या घरी खोल बोअर आहे, तांबडी माती निघाली होती ते बोअर, त्याचंपण पाणी पिऊ नका. आम्ही ते तपासलंय. कंपनीला दोन महिन्यांपासून माहीत आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही. मीपण नाही सांगितलं.

अंगद : फोन वाजूलालाय तुझा.

तनुजा : साहेबांचा आहे.

अंगद : एवढ्यात? शिवमूर्तीच्या वावरापस्तर भोंगा ऐकू जातो की! वाजू दे.

तनुजा : नाही, घेते. हॅलो. हो सर. हो, माझाच आवाज आहे. नाही सर, कुणी जबरदस्ती केली नाही. भोंगा? भोंगा चालूच आहे, सर. तुम्ही बोला ना, सगळे ऐकतायत. परसातल्या बोअरचा आकडा तुम्हीच सांगा. हॅलो? हॅलो?

अंगद : ठेवला?

तनुजा : ठेवला.

अंगद : भित्रं कुत्रं.

केवळाबाई : शिव्या मागून दे. खाली बघ, लोकं वर चढूलालेत. तो शिवमूर्ती सगळ्यात पुढं हाय, तोंड बघ त्याचं.

अंगद : येऊ दे. शिवमूर्ती! मशीन बंद कर तुझ्या वावरातली! तिची किल्ली काढून घे आधी! हात न्हाई लावायचा कुणाला, माय म्हणली हाय. निस्ती किल्ली काढ!

तनुजा : दादा, तहसीलदारांना निवेदन द्यायचं. सरकारी प्रयोगशाळेतून सगळी बोअरं परत तपासून घ्यायची. आकडे मला पाठ आहेत, मी लिहून देते. जनसुनावणी लागेल तेव्हा मी येईन. कंपनीकडून नाही, तुमच्या बाजूनं. जेल झाली तरी येईन.

अंगद : आमच्या बाजूनं म्हणूलालीस? आज सकाळी कोणत्या बाजूनं उतरली होतीस जीपमधून?

तनुजा : पाणी बंद करायला उतरले होते. तेवढंच करून जायचं ठरवलं होतं. खारं आहे म्हणून सांगायचं, असं साहेबांनी सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू, तेच सांगणार होते.

अंगद : ऐकलीस का, माय? खारं हाय म्हणून सांगणार होती.

केवळाबाई : ऐकलं.

अंगद : अन् तरी तिला घरात घेणार तू?

केवळाबाई : आज तरी न्हाई. आज तिचं तोंड बघितलं की मला लातूरचा दवाखाना दिसूलालाय. तनू, ते निवेदन पारावर बसून लिही. माझ्या घरी येऊ नगं.

तनुजा : बरं.

केवळाबाई : अन् रडू नगंस. रडायचं हाय ते आम्ही रडू.

तनुजा : नाही रडत.

अंगद : खालून बाया इचारूलाल्यात. घागरी घेऊन हुब्या हायत उन्हात. टाकीचं सोडलं, बोअरचं नगं, आड कोरडा, टँकरला फोन केला तर तो म्हणतो यादीतून तुमच्या गावाचं नाव काढलं, तुमच्याकडं पाणी आलंय ना. मग आज काय प्यावं म्हणतेत. काय सांगू?

तनुजा : मला... मला माहीत नाही, आत्या.

केवळाबाई : मग ते बटन दाब अन् तेच सांग. माहीत न्हाई म्हणून सांग. तेवढं तरी खरं ऐकू दे त्यांना.